स्पोर्ट्स कारचा पिकअप मध्येच का जातो?

बेंगळुरूला राहणाऱ्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी जुनी, दोन सीटची टर्बो स्पोर्ट्स कार घेतली. रविवारी पहाटे नंदी हिल्सला जायचं, वर गरम कॉफी प्यायची आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचं, असा नवरा-बायकोचा नेम होता. एका रविवारी परतताना दुपदरी रस्त्यावर त्याने एका टेम्पोला ओव्हरटेक करायला घेतलं. समोरून बस येत होती, पण अंतर भरपूर होतं. त्याने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि गाडी पुढे जाईचना. इंजिन चालू होतं, आवाजही येत होता, पण जोर गायब. टेम्पोवाल्याने प्रसंग ओळखून ब्रेक मारला म्हणून यांना आत शिरायला जागा मिळाली.

दहा मिनिटं कडेला थांबून गाडी पुन्हा सुरू केली, तर काही झालंच नाही अशी पळाली. घरी आल्यावर भाचेसुनेने सांगून टाकलं, “दोष सापडेपर्यंत मी या गाडीत बसणार नाही आणि तूही बसायचं नाहीस.”

इथून पुढे जे झालं, ते महागड्या गाड्यांच्या बऱ्याच मालकांच्या वाट्याला येतं.

गॅरेजमध्ये गाडी शहाणी

गाडी गॅरेजमध्ये गेली. स्कॅनर लावला, काही दिसलं नाही. मेकॅनिकने चक्कर मारून पाहिली, गाडी उत्तम. तरी ग्राहक तक्रार करतोय म्हटल्यावर काहीतरी करायला हवं, म्हणून स्पार्क प्लग आणि कॉइल बदलले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग एक सेन्सर बदलला. दोन फेऱ्यांत साठ हजार रुपये गेले. तिसऱ्या वेळी मात्र स्कॅनरवर कोड आला, पी ००८७, म्हणजे इंधनाचा दाब कमी. गॅरेजने लगेच हाय प्रेशर पंप बदलायचं लाखाच्या वरचं एस्टिमेट दिलं.

गॅरेजवाले फसवत होते असं मला वाटत नाही. अधूनमधून होणारा बिघाड मेकॅनिकला डोळ्यांसमोर दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. डॉक्टरकडे पोचेपर्यंत मुलाचा ताप उतरावा तसं होतं. अशा वेळी डॉक्टर विचारतात, ताप कधी येतो, किती वेळ राहतो, थंडी वाजते का? गाडीच्या बाबतीत हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

शिवाय कोड म्हणजे निदान नव्हे. ‘दाब कमी’ हे कोड सांगतो, दाब कोणामुळे कमी झाला हे सांगत नाही. नळाला पाणी येत नसेल तर नळ बिघडलेला असेल, पाइप तुंबलेला असेल, नाहीतर गच्चीवरची टाकीच रिकामी असेल.

दोन पंपांची गोष्ट

आजच्या बहुतेक टर्बो स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यासाठी दोन पंप असतात. पहिला विजेवर चालणारा, पेट्रोलच्या टाकीत बुडालेला. तो साधारण पाच बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. दुसरा इंजिनवर बसवलेला हाय प्रेशर पंप. तो हाच दाब दोनशे बारपर्यंत नेऊ शकतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वदपट. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला एवढा दाब लागत नाही. तो लागतो चढावर, ओव्हरटेक करताना, पाय पूर्ण दाबल्यावर. त्यामुळे कमजोर पंप शहरातल्या गर्दीत महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही आणि नेमका गरजेच्या क्षणी हात वर करतो. दाब पडला की गाडीचा संगणक इंजिनचं नुकसान टाळायला ताकद छाटतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. बऱ्याचदा इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की तो निघून जातो आणि आपल्याला वाटतं गाडी बरी झाली.

हाय प्रेशर पंपावरचा संशय निराधार नव्हता. बीएमडब्ल्यूने ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत ट्विन टर्बो सहा सिलिंडर इंजिनाच्या सुमारे १ लाख ३० हजार गाड्या याच पंपासाठी परत बोलावल्या होत्या. झेड४ ही दोन सीटची गाडीही त्यात होती. तक्रारी दोनच: गाडी सुरू व्हायला वेळ लागणं आणि वेग घेताना ताकद कमी होणं. तेव्हापासून ही लक्षणं दिसली की मेकॅनिकचं बोट आधी या पंपाकडे जातं. ते अनेकदा बरोबरही असतं. फक्त एवढा खर्च करण्याआधी मोजून पाहायला हवं.

हिशोबाच्या वहीने केलेलं काम

भाचेसून बँकेत आहे. लाखाचं एस्टिमेट बघून ती म्हणाली, “आधी नोंदी ठेवू, मग पैसे देऊ.” पिकअप गेल्याच्या आधीच्या सगळ्या वेळा तिने आठवून लिहिल्या. पुढचे काही रविवार रिकाम्या रस्त्यावर, ओव्हरटेक न करता, शेजारी बसून नवीन नोंदी घेतल्या. निघून किती मिनिटं झाली, चढ की सपाट, एसी चालू की बंद, टाकीत पेट्रोल किती, किती वेळ थांबल्यावर गाडी सुधारली.

नऊ नोंदी झाल्या आणि चित्र दिसू लागलं. नऊच्या नऊ वेळा गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त चाललेली होती आणि पेट्रोल पाव टाकीच्या खाली होतं. टाकी भरलेली असताना एकदाही त्रास झाला नव्हता.

इंजिनवरच्या पंपाला टाकीत पेट्रोल किती आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. टाकीतल्या पंपाला असतं, कारण तो भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. दुसऱ्या एका मेकॅनिकने वही वाचली आणि मागच्या बाजूचं झाकण उघडून टाकीतल्या पंपाला जाणारा विजेचा दाब मोजला. बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट, पंपापाशी गाडी गरम झाल्यावर ११ हूनही कमी. पंपाच्या कनेक्टरची एक पिन तापून काळी पडली होती. गरम झाली की तिच्यातून वीज नीट जात नसे, गार झाली की जाई. कनेक्टर आणि वायरचा तुकडा बदलला. खर्च चार हजारांच्या आत. दोन्ही पंप जागच्या जागी राहिले.

प्रत्येक गाडीत कनेक्टरच निघेल असं नाही. गाडी गरम झाल्यावर इंजिन अचानक बंद पडतं आणि गार झाल्यावर सुरू होतं, तर क्रँकशाफ्ट सेन्सर तपासायला सांगा. पावसात झटके बसत असतील तर कॉइल. फक्त जोर लावताना फुस्स असा आवाज येऊन पिकअप जातो, तर टर्बोचा पाइप फाटलेला किंवा निसटलेला असू शकतो. तो स्मोक टेस्टमध्ये सापडतो. वळणावर गाडी अडखळते आणि टाकी रिकामी होत आलीय, तर पेट्रोल एका बाजूला सरकून पंपाचं तोंड उघडं पडतंय. आणि आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेल्या नाहीत ना, हे आधी बघा. गाडी कितीही महाग असली तरी उंदराला सगळ्या सारख्याच.

भारतात एप्रिल २०१३ नंतर विकलेल्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावला की मोबाइलवर कोड दिसतात. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही मिळते, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनचं तापमान, त्यावरचा भार. तिचा फोटो काढून ठेवा. गॅरेजला जाण्यापूर्वी कोड पुसू नका आणि बॅटरी काढू नका, नाहीतर हा पुरावा जातो. मोबाइल बघायचं काम मात्र शेजारी बसलेल्या माणसाचं.

रस्त्यात ताकद गेली तर

पाय पुन्हापुन्हा दाबत बसू नका. ओव्हरटेक सोडून द्या, हॅझर्ड लाइट लावा आणि मागे बघत डाव्या बाजूला या. इंजिन पूर्ण बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकही दोन-तीनदाच नेहमीसारखा लागतो, म्हणून पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरा. गाडी थांबली की सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून दूर उभं राहायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायच्या विचारात असाल, तर विकणाऱ्याने दिलेल्या दहा मिनिटांच्या चकरेवर समाधान मानू नका. टाकी पाव भरलेली असताना, एसी लावून, पाऊण तास चालवा आणि शेवटी एक मोठा चढ चढवा. विकणारा नको म्हणाला, तर भाचेसुनेच्या मते तीही एक नोंदच आहे.