हरणाऱ्या संघाचे सदरे

संग्रहाच्या छंदाला सामान्यतः दोन आधार असतात. जमविलेली वस्तु मौल्यवान तरी असते, नाहीं तर सुंदर तरी असते. टपालाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, पितळी दिवे, लघुचित्रें यांचा संग्रह करणाऱ्यास आपल्या छंदाचें समर्थन करीत बसावें लागत नाहीं. परंतु इंग्लंडांत असेहि कांहीं संग्राहक आहेत कीं, ज्यांच्या कपाटांत फुटबॉल खेळाडूंनीं घामानें भिजविलेले जुने सदरे घड्या घालून ठेवलेले असतात; आणि ते सदरेहि जगज्जेत्या संघाचे नसून, वर्षानुवर्षें हार पत्करणाऱ्या व केव्हां तरी अवचित जिंकणाऱ्या एखाद्या संघाचे असतात. वरवर पाहणाऱ्याला हा छंद वेडगळपणाचा वाटण्याचा संभव आहे. पण त्याची थोडी चिकित्सा केली म्हणजे असें दिसून येतें कीं, अशा सदऱ्यांची रांग लावली असतां तींतून एका शहराचा इतिहास वाचतां येतो.

कॉव्हेंट्री सिटी या क्लबचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. कॉव्हेंट्री हें इंग्लंडच्या मध्यभागीं वसलेलें कारखान्यांचें शहर. पूर्वीं घड्याळें व रेशमी फिती, पुढें सायकली, आणि त्यानंतर मोटारी, असा त्याच्या धंद्यांचा क्रम. १८८३ सालीं सिंगर या सायकलींच्या कारखान्यांतील कामगारांनीं आपला फुटबॉलचा संघ काढला व त्याला कारखान्याचेंच नांव दिलें. १८९८ सालीं तें नांव बदलून कॉव्हेंट्री सिटी असें झालें. पुढील वर्षीं संघ हायफील्ड रोड येथील मैदानावर गेला, आणि १९१९ सालीं त्याचा फुटबॉल लीगमध्यें प्रवेश झाला. संघाच्या बिल्ल्यावर पाठीवर किल्ला वाहणारा हत्ती आहे. हें चिन्ह शहराच्या मुद्रेवरून घेतलेलें आहे. लिव्हरपूल किंवा मँचेस्टर येथील क्लबांच्या दालनांत चषकांच्या रांगा लागलेल्या असतात. कॉव्हेंट्रीच्या वांट्याला मोठा म्हणावा असा चषक एकच आला, आणि तोहि क्लबच्या जन्मानंतर एकशें चार वर्षांनीं.

जुने सदरे दुर्मिळ कां, हें समजण्यासाठीं ते कसे वापरले जात तें पाहिलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत खेळाडूचा सदरा जाड सुती कापडाचा किंवा लोकरीचा असे. पावसांत भिजला म्हणजे तो अंगावर ओझ्यासारखा बसे. पाठीवर क्रमांक लावण्याची रीत इंग्लिश लीगनें १९३९ सालीं स्वीकारली; त्यापूर्वींच्या सदऱ्यावर तो कोणत्या खेळाडूचा हें सांगणारी खूण सहसा नसे. सदरा खेळाडूचा नसून क्लबचा असे. पहिल्या संघानें वापरून विटलेले सदरे दुसऱ्या संघाकडे जात, तेथून होतकरू मुलांकडे जात, आणि अखेरीस सरावाच्या मैदानावर फाटून त्यांचीं फडकीं होत. घरांत थोरल्याचे कपडे धाकट्यानें वापरावे, त्यांतलाच हा प्रकार. तसेच सदरे करून ते दुकानांत लोकांना विकण्याची प्रथाहि तेव्हां रुळलेली नव्हती. त्यामुळें त्या काळांतील जो सदरा आज कोणाच्या हातीं लागतो, तो बहुधा एखाद्या खेळाडूच्या कुटुंबानें ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेवलेला असतो.

कॉव्हेंट्रीची आजची ओळख असलेला आकाशी रंग १९६२ सालचा आहे. त्यापूर्वीं क्लबनें निरनिराळे रंग वापरून पाहिले होते. १९६१ सालीं जिमी हिल हे गृहस्थ संघाचे व्यवस्थापक होऊन आले. खेळाडूंच्या पगारावरील कमाल मर्यादा उठविण्याचा लढा त्याच वर्षीं यशस्वी झाला होता, व त्याचें पुढारीपण त्यांच्याकडेच होतें. त्यांनीं संघाला सदऱ्यापासून पायमोज्यांपर्यंत एकाच आकाशी रंगांत उभें केलें. ‘बँटम्स’ हें जुनें टोपणनांव जाऊन ‘स्काय ब्ल्यूज’ हें नवें नांव रूढ झालें. पाठीराख्यांसाठीं त्या नांवाची आगगाडी धांवूं लागली, आणि सामन्यापूर्वीं मैदानावर त्याच नांवाचा रेडिओहि ऐकूं येऊं लागला. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मन विमानांनीं या शहराचा मध्यभाग व तेथील प्राचीन कॅथीड्रल जाळून टाकलें होतें. त्या भग्नावशेषाशेजारीं बांधलेलें नवें कॅथीड्रल १९६२ च्या मे महिन्यांत खुलें झालें. शहराला नवें प्रार्थनामंदिर आणि संघाला नवा रंग एकाच वर्षीं मिळावा, हा योगायोग असेल. परंतु त्या पिढीच्या मनांत दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं राहिल्या असल्यास नवल नाहीं. तिसऱ्या श्रेणींतील हा संघ १९६७ सालीं पहिल्या श्रेणींत पोंचला, आणि पुढें चौतीस वर्षें तेथें टिकून राहिला.

सदरा ही बाजारांतली वस्तु झाली ती १९७० नंतरच्या दशकांत. लेस्टरजवळील विग्स्टन गांवची एक कंपनी ‘अ‍ॅडमिरल’ या नांवानें खेळाचे पोषाख करूं लागली. १९७४ सालीं तिला इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या पोषाखाचें काम मिळालें. सदऱ्याचा नमुना आपल्या हक्काचा करावयाचा, त्यावर आपलें चिन्ह लावावयाचें, आणि तोच नमुना मुलांच्या मापांत दुकानांतून विकावयाचा, ही तिची युक्ति. या कंपनीनें १९७८ सालीं कॉव्हेंट्रीसाठीं परगांवच्या सामन्यांकरितां चॉकोलेटी तपकिरी रंगाचा पोषाख काढला. त्यावर सदऱ्यापासून चड्डीपर्यंत सलग उतरणाऱ्या उभ्या पट्ट्या होत्या. या पोषाखाची भरपूर थट्टा झाली. पुढें जेव्हां जेव्हां कोणी फुटबॉलमधील कुरूप पोषाखांची यादी केली, तेव्हां तेव्हां त्यांत या पोषाखाला हटकून स्थान मिळालें. आज संग्राहक ज्या सदऱ्यासाठीं सर्वांत अधिक धडपडतात, त्यांत हाच एक आहे. याचें कारण सोपें आहे. कुरूप ठरलेली वस्तु कोणी जपून ठेवीत नाहीं, आणि जी कोणी जपत नाहीं तीच पुढें दुर्मिळ होते.

त्यानंतरच्या सदऱ्याची कथा कारखान्याशीं निगडित आहे. कॉव्हेंट्रीजवळ रायटन येथें मोटारींचा मोठा कारखाना होता, आणि १९७९ पासून तेथील मोटारी ‘टॅल्बट’ या नांवानें विकल्या जात. या कंपनीनें क्लबला पैशाचें पाठबळ दिलें. जिमी हिल तोंपर्यंत क्लबचे अध्यक्ष झाले होते. क्लबचें नांवच ‘कॉव्हेंट्री टॅल्बट’ करावें, असाहि बेत त्यांनीं मांडला. परंतु फुटबॉल असोसिएशननें तो मान्य केला नाहीं. मग १९८१ सालीं असा सदरा निघाला कीं, ज्याची सारी रचनाच कंपनीच्या ‘टी’ या अक्षराची होती. जाहिरात छातीवर चिकटविलेली नव्हती. सदरा हीच जाहिरात होती. जाहिरातीचे सदरे दाखविण्यास त्या वेळीं इंग्लंडांतील दूरचित्रवाणी संस्था तयार नसत. त्यामुळें ज्या सामन्यांचें चित्रण व्हावयाचें असे, त्या दिवशीं खेळाडूंना दुसरे सदरे घालावे लागत. टॅल्बट हें नांव पुढें मोटारींवरून नाहींसें झालें, आणि रायटनचा कारखाना २००६ च्या डिसेंबरांत बंद पडला. ज्या कामगारांचें आयुष्य तेथें गेलें, त्यांच्या घरीं तो ‘टी’चा सदरा आजहि सांपडूं शकतो. मोटार मोडींत गेली, कारखाना जमीनदोस्त झाला, आणि त्या दोहोंची आठवण एका कपड्यावर राहिली.

१६ मे १९८७ हा या क्लबच्या इतिहासांतील सोन्याचा दिवस. त्या दिवशीं वेम्बलीच्या मैदानावर एफ्. ए. कपच्या अंतिम सामन्यांत कॉव्हेंट्रीची गांठ लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या बलाढ्य संघाशीं पडली. दोनदां पिछाडीवर पडून कॉव्हेंट्रीनें दोनदां बरोबरी साधली. दुसऱ्या बरोबरीचा गोल कीथ हाउचेन या खेळाडूनें जमिनीला समांतर झेंप घेऊन डोक्यानें मारला. ज्यादा वेळांत टॉटनहॅमच्या गॅरी मॅबट याच्या गुडघ्याला लागून चेंडू त्याच्याच गोलांत गेला, आणि कॉव्हेंट्री ३-२ अशी विजयी झाली. संग्राहकांना या सामन्याची आणखी एक गोष्ट प्रिय आहे. टॉटनहॅमचे कांहीं खेळाडू छातीवर पुरस्कर्त्या कंपनीचें नांव नसलेले सदरे घालून मैदानावर उतरले होते. कपड्यांच्या व्यवस्थेंत झालेली ही चूक तेव्हां लाजिरवाणी ठरली. पण अशी चूकच पुढें खऱ्या सदऱ्याची साक्ष होऊन बसते.

खरें व खोटें ओळखणें हें या छंदाचें मुख्य शास्त्र होय. सदऱ्याचे तीन प्रकार मानतात : सामन्यांत प्रत्यक्ष घातलेला, खेळाडूसाठीं तयार झालेला, परंतु न घातलेला, आणि दुकानांत विकलेला. तिघांच्या किंमतींत फार अंतर असतें. जाणता संग्राहक प्रथम सदरा उलटा करून आंतील शिवण पाहतो, कारण नक्कल करणाराचें लक्ष बहुधा दर्शनी बाजूवर असतें. मग तो मानेवरची चिठ्ठी पाहतो. तिच्यावरील माप, कापडाचा प्रकार व कारखान्याचें चिन्ह हीं त्या त्या वर्षाशीं जुळलीं पाहिजेत. पाठीवरचा क्रमांक शिवलेला आहे कीं उष्णतेनें चिकटविलेला, हेंहि तो तपासतो. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमध्यें पाठीवर खेळाडूचें नांव घालण्यास १९९३ सालीं आरंभ झाला. म्हणून १९८७ चा म्हणून पुढें केलेल्या सदऱ्यावर आडनांव दिसलें, तर विक्रेत्याचा तेथेंच निरोप घ्यावा हें बरें. शेवटची कसोटी छायाचित्राची. पट्टे असलेल्या कापडांत शिवणीपाशीं पट्टा कोठें तुटतो, हें प्रत्येक सदऱ्यांत थोडें थोडें वेगळें असतें. जुन्या छायाचित्रांतील तो तुटलेला पट्टा हातांतील सदऱ्याशीं जुळला, म्हणजे संशयाला फारशी जागा उरत नाहीं.

जतन करण्याचे नियमहि सोपे, पण कडक आहेत. उन्हानें रंग उडतो, म्हणून सदरा उजेडांत टांगूं नये. लोकरीला कसर लागते, आणि टांगून ठेवल्यास ती आपल्याच भारानें ओघळते. ती सपाट ठेवावी. चिकटविलेल्या अक्षरांवरून इस्त्री फिरविली तर तीं वितळतात, आणि घडी त्यांच्यावर पडली तर तीं तडकतात. सामन्यांत घातलेल्या सदऱ्यावरचा चिखल मात्र पुष्कळ जण धूत नाहींत. इतर घरांत जो डाग म्हणून काढून टाकतील, तो येथें पुरावा म्हणून राखला जातो.

एवढी खटपट एका हरणाऱ्या संघासाठीं कशाला, या प्रश्नाचें उत्तर क्लबच्या पुढील इतिहासांत आहे. २००१ सालीं कॉव्हेंट्रीची पहिल्या श्रेणींतून घसरण झाली. २००५ सालीं संघानें हायफील्ड रोड सोडलें, आणि त्या जागीं घरें उठलीं. नवीन मैदान क्लबच्या मालकीचें नव्हतें. भाड्याच्या तंट्यामुळें २०१३-१४ च्या हंगामांत संघाला आपले ‘घरचे’ सामने दुसऱ्या गांवीं, नॉर्दम्प्टन येथें खेळावे लागले. आणि २०१९ पासून दोन वर्षें बर्मिंगहॅममध्यें. २०१७ च्या एप्रिलांत या संघानें वेम्बलीवर खालच्या श्रेणींसाठीं असलेला एक चषक जिंकला, आणि त्याच महिन्यांत त्याची चौथ्या श्रेणींत घसरण निश्चित झाली. मैदान नाहीं, श्रेणी नाहीं, कधीं कधीं स्वतःच्या शहरांत खेळण्याची सोयहि नाहीं, अशा काळांत पाठीराख्याच्या हातांत क्लबची म्हणून एकच वस्तु उरली होती, आणि ती म्हणजे सदरा. परगांवीं खेळण्याच्या त्याच काळांत, २०१९ सालीं, क्लबनें काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एक सदरा काढला. १९७९ सालीं कॉव्हेंट्रींत जन्मलेल्या ‘टू टोन’ या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेची ती खूण होती. या संस्थेनें गोऱ्या व काळ्या वादकांना एका मंचावर आणलें होतें. संघ शहराबाहेर खेळत असतां शहर त्याच्या अंगावर होतें.

२०२२ सालीं मॅराडोनाचा १९८६ च्या विश्वचषकांतील एक सदरा लिलावांत एकाहत्तर लाख पौंडांहून अधिक किंमतीला गेला. त्याच्यापुढें कॉव्हेंट्रीच्या तपकिरी सदऱ्याची किंमत ती काय असणार! परंतु मॅराडोनाचा सदरा ज्यांनीं घ्यावयाचा ठरविला, त्यांना त्याची किंमत आधींच जगानें सांगून ठेवलेली होती. हरणाऱ्या संघाचा सदरा जपणाऱ्याला असा आधार नसतो. लोक हंसत असतां, संघ घसरत असतां, त्याला ती वस्तु आपल्या जबाबदारीवर ठेवावी लागते. हायफील्ड रोडच्या जागेवर आज घरें आहेत, आणि रायटनला त्या मोटारी होत नाहींत. एखाद्या घरीं मात्र ट्रंकेंतून तो सदरा निघतो, नातू त्याच्यावरील ‘टी’ म्हणजे काय असें विचारतो, आणि आजोबांना कारखान्यापासून आरंभ करावा लागतो.