अल्पबचतीचा हप्ता आणि ऊसतोडीचा हंगाम

अल्पबचत योजनांची चर्चा बहुधा व्याजदरापाशी येऊन थांबते. हप्ता केव्हा भरावयाचा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरू शकतो, हे नंदुरबार जिल्ह्याकडे पाहता ध्यानात येते. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. खरीप आटोपला, की येथील अनेक आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मजुरीचा हिशेब मात्र हंगाम सरल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी होतो. आणि उचल वजा जाता जे उरेल, तेवढेच हाती पडते.

आता डाकघरातील पंचवार्षिक आवर्ती ठेव पाहू. दरमहा किमान १०० रुपये याप्रमाणे ६० हप्ते भरावयाचे. हप्ता चुकल्यास शंभर रुपयांमागे दरमहा एक रुपया दंड. दंड क्षुल्लक आहे. खरी अडचण पुढेच आहे. चार हप्ते चुकले, की खाते खंडित होते, आणि दोन महिन्यांत ते पूर्ववत न केल्यास त्यात पुढे भरणाच करता येत नाही. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. गुजरातेतील डाकघरातही हप्ता भरता येईल, परंतु त्या काळात हाती रोकड कोठून येणार? पगाराच्या तारखेवर बेतलेली ही रचना हंगामी मजुरास सहजच बाहेर टाकते.

तथापि याच नियमांत एक दुर्लक्षित तरतूद आहे. हप्ते आगाऊ भरता येतात. शंभर रुपयांच्या खात्यावर सहा हप्ते एकदम भरल्यास १० रुपये, बारा भरल्यास ४० रुपये सूट मिळते. म्हणजे हिशेबाच्या वेळी १,१६० रुपये भरले, की वर्ष निभावते. याउलट नोकरदारांची मानली गेलेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना वर्षाकाठी केव्हाही भरलेल्या किमान ५०० रुपयांवर चालते. हंगामी मिळकतीस ती अधिक जुळती. पण तिची मुदत पंधरा वर्षांची, आणि अंशतः रक्कम काढण्याची मुभा सातव्या वर्षापासून. पावसाळ्यातील निकड इतकी थांबत नाही.

आवर्ती ठेवीत बारा हप्ते नियमित भरले गेल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, ठेवीच्या व्याजाहून दोन टक्के अधिक दराने. वर्षअखेर ते अवघे ६०० रुपये होतात हे खरे; परंतु पुढील हंगामाची उचल तेवढ्यानेच का होईना, कमी घेता येते.