वरचा ओठ की खालचा?

क्लॅरिनेट नव्याने हाती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: रीड किती नंबरची घ्यायची? दोन किंवा अडीच, असं उत्तर बहुतेक शिक्षक देतात आणि ते बरोबरही आहे. पण त्या आकड्याचा एवढा बाऊ का करतात, हे मला कळलेलं नाही. एकाच प्रकारातल्या दोन आणि तीन नंबरच्या रीड सहसा एकाच मापाने कापलेल्या असतात. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागात अरुंडो डोनॅक्स हे बांबूसारखं उंच गवत वाढतं. ते वाळवून कापायचं, प्रत्येक तुकडा किती वाकतो ते मोजायचं आणि त्यावर आकडा टाकायचा. आकडा जाडीचा नाही, ताठपणाचा. शिवाय एका कंपनीची अडीच दुसरीच्या अडीचशी जुळेलच असं नाही. सुरात हवेची फुसफुस आली तर रीड कडक, वरचे स्वर उतरू लागले तर मऊ. नवशिक्याला एवढं पुरतं.

खरी गंमत बसवण्यात आहे. रीड मिनिटभर ओली करून तिची सपाट बाजू माउथपीसच्या सपाट पाठीवर टेकवायची. टोकाच्या वर माउथपीसची काळी कड केसभर दिसली पाहिजे. तीच रीड किंचित वर सरकवली तर कडक लागते, खाली घेतली तर सैल. फुकटात मिळणारा हा फरक न अजमावता लोक नवा डबा आणायला धावतात! लिगेचरचे, म्हणजे रीड धरणाऱ्या पट्ट्याचे, स्क्रूही बेतानेच फिरवावेत. रीडला थरथरायला जागा हवी.

हे सगळं करताना रीड खालच्या ओठावर येते. ती तशीच यायला हवी, हे ठरलं कधी? मी या विषयाच्या नादी लागलो तो इथे. अठराव्या शतकात बरेच वादक माउथपीस उलटा फिरवून रीड वरच्या ओठाला लावत. वाद्याची त्याला हरकत नव्हती, अर्धा फेरा दिला की झालं. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोअरसाठी झां-झाव्हिए लफेव्रने 1802 मध्ये लिहिलेली अधिकृत पद्धतही रीड वरच ठेवणारी होती. अशा वेळी जिभेला रीड सहज सापडत नसे, म्हणून स्वर तोडायला काही जण घसा किंवा छातीचा धक्का वापरत. मला तरी हा उलटा संसार वाटतो.

मग पॅरिसला आला इवान म्युलर. जन्म 1786 चा, रेव्हालचा, म्हणजे आजच्या टॅलिनचा. त्याने तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट बनवलं आणि एकाच वाद्यावर सगळ्या स्वरपट्ट्या वाजतील असा दावा केला. 1812 च्या सुमारास कॉन्झर्व्हेटोअरच्या समितीने ते नाकारलं. वेगवेगळ्या पट्टीच्या क्लॅरिनेटांचा रंग वेगवेगळा असतो, एकच वाद्य राहिलं तर तो रंग हरवेल, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. आजही ऑर्केस्ट्रातला वादक बी-फ्लॅट आणि ए अशी दोन क्लॅरिनेटं बाळगतोच. पण म्युलर आणखीही काही सांगत होता: रीड खालच्या ओठावर घ्या. दोऱ्याने रीड बांधण्याऐवजी स्क्रूचं धातूचं लिगेचर वापरात आणल्याचं श्रेयही त्यालाच देतात.

चाव्यांवर एवढा खल झाला, आणि ओठाची बाजू मात्र एका शिक्षकाने बदलली. मानहाइममध्ये जन्मलेला फ्रेडरिक बेर 1831 मध्ये त्याच कॉन्झर्व्हेटोअरमध्ये प्राध्यापक झाला आणि विद्यार्थ्यांना रीड खाली धरून वाजवायला शिकवू लागला. 1836 मध्ये त्याचा ग्रंथ आला, 1838 मध्ये तो वारला. पण पॅरिसचा ओठ तोवर पालटला होता. नेपल्सचे वादक मात्र त्यानंतरही कित्येक दशकं रीड वरच ठेवून वाजवत राहिले. आणि जर्मनीत म्युलरच्या स्क्रूला न जुमानता आजही कित्येक वादक रीडला दोराच गुंडाळतात.