खटका लावला म्हणून बंदूक थंड झाली काय?



ऊस डोक्याबरोबर आला की रानडुकरांचे कळप फडात मुक्कामाला येतात आणि एका रात्रीत गुंठ्याच्या गुंठे आडवे करतात. मग खुंटीवरची, आजोबांच्या वेळची दुनळी खाली उतरते. बंदुकीला परवाना लागतो, डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, हे सभासदांना नव्याने सांगायला नको. आज सांगायचे आहे ते डुकराविषयी नाही, त्या जुन्या दुनळीविषयी आहे.

आमच्याच घरची गोष्ट. वडिलांची बाहेर घोडे असलेली बारा बोअरची दुनळी होती. राखणीच्या एका रात्री ती भरून, घोडे अर्ध्यावर ठेवून, बैलगाडीच्या चाकाला टेकवली होती. गाडीला बांधलेल्या बैलाने कासऱ्याला हिसका दिला, गाडी हलली, बंदूक घसरली. घोडा दगडावर आपटला आणि उजव्या नळीचा बार झाला. चापाला कोणाचे बोट लागले नव्हते. छर्रे गाडीच्या फळीत घुसले. अर्ध्या तासापूर्वी त्याच फळीवर आमचा धाकटा भाऊ झोपला होता.

पुढे कारागिराने कुलूप उघडून दाखवले. घोडा अर्ध्यावर धरून ठेवणारी खाच झिजून गुळगुळीत झाली होती. पन्नास वर्षे ज्या खाचेवर घरादाराचा भरवसा होता, ती नखाएवढी सुद्धा नव्हती.

आता कोणी म्हणेल, “आमची बंदूक बिनघोड्याची आहे, वर खटका आहे, आम्हाला काय भीती?” इथेच गफलत होते. बिनघोड्याच्या बंदुकीत घोडे नसतात असे नाही. ते आत असतात. 1875 साली इंग्लंडात अॅन्सन आणि डीली यांनी काढलेली रचना आपल्याकडच्या पुष्कळ दुनळ्यांत आहे. बंदूक मोडली, म्हणजे काडतूस घालायला नळ्या खाली वाकवल्या, की आतले दोन्ही घोडे आपोआप चढतात. चढलेला घोडा एका लहान पोलादी पट्टीच्या टोकावर अडून राहतो. कारागीर तिला सिअर म्हणतात. चाप ओढला की सिअर सुटते, घोडा पडतो, बार होतो.

आणि वरचा खटका काय करतो? बहुतेक साध्या बंदुकांत तो फक्त चाप अडवतो. घोड्याला तो धरीत नाही, सिअरलाही नाही. सिअरचे टोक झिजले असेल किंवा आत गंज आणि वाळलेल्या तेलाचा चिकटा बसून ती पुरती अडकत नसेल, तर बंदूक पडल्यावर, आपटल्यावर खटका लावलेला असतानाही घोडा सुटू शकतो. काही महागड्या बंदुकांत निसटलेला घोडा अडवायला दुसरी सिअर असते. पण आपल्या बंदुकीत ती आहे असे धरून चालू नये.

आणखी तीन दुखणी ध्यानात ठेवावीत. पहिले, फायरिंग पिन गंजून पुढे आलेली राहते. मग बंदूक मिटताच बार उडू शकतो. म्हणून मिटताना नळ्यांचे तोंड जमिनीकडेच हवे. दुसरे, एका नळीच्या धक्क्याने दुसरीचाही बार होतो. हे सिअर झिजल्याचे लक्षण समजावे. तिसरे, चाप फार हलका होतो. चांगल्या दुनळीचा चाप साधारण दीड ते दोन किलो जोराने सुटतो. बोट टेकताच सुटत असेल तर ते कौतुक नव्हे, रोग आहे. कोणी “चाप मऊ करून देतो” म्हणून सिअरवर कानस चालवीत असेल, तर बंदूक काढून घेऊन घरी यावे.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत आली की ती तशीच खुंटीला जाते. त्याच वेळी ती परवानाधारक कारागिराकडे न्यावी, कुलूप उघडून साफ करून घ्यावे आणि सिअर, खाचा, पिना व स्प्रिंगा तपासून घ्याव्यात. घरी पेचकस लावू नये. जुन्या पेचांच्या खाचा बारीक असतात; त्या मोडतात आणि काम बिघडते.

पण सर्वात मोठी तपासणी आपल्या सवयीची आहे. बांध ओलांडताना, पाट उडी मारून पार करताना, माळ्यावर चढताना, ट्रॅक्टरवर किंवा जीपमध्ये बसताना बंदूक मोडावी आणि दोन्ही काडतुसे खिशात टाकावीत. माळ्यावर बंदूक वर द्यायची ती रिकामी, मोडलेली. भरलेली बंदूक झाडाला, चाकाला, भिंतीला टेकवू नये. चाप ओढूनही बार झाला नाही, तर लगेच उघडू नये. तोंड निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिरानेही पेटते. आणि ज्याचे नाव परवान्यावर नाही, त्या राखणदाराच्या हाती बंदूक देऊ नये. बिचारा गडी पगारासाठी येतो, जिवावर उदार होऊन नाही.

“डुक्कर समोर आल्यावर काडतूस घालेपर्यंत ते पळून जाईल की!” असे तरुण मंडळी म्हणतात. जाऊ द्या. डुकराने खाल्लेला ऊस खोडव्याला पुन्हा फुटतो. घरातला माणूस पुन्हा फुटत नाही. खटका ही सोय आहे, राखण नव्हे. नळी रिकामी दिसली, डोळ्यांनी पाहिली, बोटाने चाचपली, तरच बंदूक थंड झाली असे समजावे. आमच्या गाडीची ती फळी आम्ही अजून बदललेली नाही. घरातल्या पोरांना छर्ऱ्यांची भोके दाखवायला ती उपयोगी पडते.