कॅन्सरवरचं संशोधन कुणाच्या पैशावर चालतं? आणि त्यात आपला वाटा किती?

घरात कॅन्सर निघाला की आजाराच्या पाठोपाठ पैशाचा प्रश्न दारात उभा राहतो. मलकापूर, नांदुरा, शेगावहून रात्रीची गाडी धरायची, दादरला उतरायचं, परळला टाटा हॉस्पिटलची लाइन लावायची. बुलढाणा जिल्ह्यातल्या किती तरी कुटुंबांना हा रस्ता पाठ झाला आहे. अशा वेळी आपला समाज मागे राहत नाही. जुमाच्या नमाजनंतर मशिदीत एलान होतो, मोहल्ल्यातले तरुण घरोघर फिरतात, बाहेरगावी नोकरी करणारे नातेवाईक पैसे पाठवतात. ही आपली चांगली रीत आहे आणि ती टिकली पाहिजे.

पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. रुग्णाला जे औषध मिळालं, ते देण्याची जी पद्धत डॉक्टरांनी वापरली, ती शोधली कुणी? ती शोधायला जी वर्षं लागली, त्या वर्षांचा खर्च कुणी उचलला? आज या प्रश्नाचं उत्तर बघू. कारण उपचाराला मदत केली तर एक माणूस वाचतो. संशोधनाला मदत केली तर पुढे ज्यांना हा आजार होईल, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचते.

आकडा केवढा मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १४ लाख नवे रुग्ण निघाले आणि ९ लाखांहून जास्त लोक दगावले. पुरुषांमध्ये पहिला नंबर तोंडाच्या कॅन्सरचा. खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना यांचं आपल्याकडे काय चालतं ते वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी कागदावर आहे आणि पुडी टपरीवर आहे.

हे आकडे तरी कुठून येतात? त्यासाठी कॅन्सर नोंदणी असते. कोणत्या भागात, कुणाला, कोणता कॅन्सर झाला याची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची. भारतातली अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागासाठी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरुवात झाली. गावोगाव फिरून नोंद करणाऱ्या माणसांचा पगार हाही संशोधनाचाच खर्च आहे. मशीन, लॅब, पांढरे कोट एवढंच म्हणजे संशोधन नव्हे.

सुरुवात एका दानातून

परळचं टाटा हॉस्पिटल कसं उभं राहिलं ते बघा. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केलं. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, डॉ. वसंत खानोलकर त्याचे पहिले संचालक. १९६२ मध्ये हॉस्पिटलचा कारभार केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे गेला आणि १९६६ मध्ये हॉस्पिटल व संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. संशोधनाचं मोठं केंद्र आज नवी मुंबईत खारघरला आहे.

म्हणजे पहिलं बी खासगी दानाचं आणि नंतरचं पाणी सरकारी तिजोरीचं. दोन्ही लागलं.

याच रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी काम केलं. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली, मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. एका शिष्यवृत्तीतून एक शास्त्रज्ञ तयार झाली, तिच्यातून एक लॅब आणि लॅबमधून पुढची पिढी.

कंपन्या पैसा लावतातच की, मग आपण कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. औषध कंपन्या संशोधनावर भरपूर पैसा लावतात, पण जिथे पुढे विक्री होईल तिथे. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून विकायला काहीच निघत नाही, त्यासाठी पैसा कोण देणार? महाराष्ट्रातलीच उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण तोंडाच्या कॅन्सरचं. गाठ सुरुवातीची आहे, मानेत काही लागत नाही. मग मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या, की नंतर आजार पसरलेला दिसला तर काढायच्या? सर्जन लोकांत यावर अनेक दशकं वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि टाटाच्या टीमने रुग्णांचे दोन गट करून वर्षानुवर्षं पाहणी केली. २०१५ मध्ये निकाल छापून आला. आधीच गाठी काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. या अभ्यासाचा खर्च टाटा मेमोरियल सेंटरने स्वतः केला. यात नवं औषध नाही, नवं मशीन नाही, मग कंपनी कशाला आली असती?

दुसरं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरचं. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर अभ्यास केला. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, एवढंच. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात तेच साधं, स्वस्त औषध. निकाल २०२३ मध्ये आला. ५ वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. दर शंभरात जवळपास ४ जीव जास्त. अभ्यासाला पैसा अणुऊर्जा विभागाचा, म्हणजे तुमच्या-आमच्या कराचा.

तिसरं उदाहरण मराठवाड्यातल्या खेड्यांचं. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यात होती, पैसा गेट्स फाउंडेशनकडून आला होता. २००९ मध्ये दिसून आलं की आयुष्यात एकदा जरी एचपीव्ही तपासणी केली, तरी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. हे उत्तर पुढे जगभर वापरलं गेलं.

यावर टीकाही झाली, तीही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या एका गटातल्या बायकांची तपासणी केली गेली नव्हती. ते योग्य होतं का, यावर जाणकारांत वाद झाला. असे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. त्यातूनच नियम कडक होतात.

चौथं उदाहरण नव्या उपचाराचं. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांची टीम आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर कार-टी हा उपचार देशातच तयार केला. यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे साधारण दहाव्या हिश्शात आला. गरिबाला तोही परवडत नाही हे खरं, पण संशोधन इथे झालं तर किंमत खाली येते हे तरी त्यातून कळतं.

जकात चालते का?

आमच्या वाचकांच्या मनात हा प्रश्न येणारच. जकातीचे आठ हकदार कुराणात ठरवून दिलेले आहेत. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी मसलकाचे. हनफी उलेमांच्या मते जकात अदा व्हायची तर ती हकदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे, याला तमलीक म्हणतात. त्यामुळे गरीब रुग्णाच्या हातात जकात देणं सरळ आहे, पण लॅबची इमारत किंवा मशीन यासाठी जकात लागू होत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावं.

पण जकात हे दानाचं एकच दार आहे. सदका, लिल्लाह आणि वक्फ ही दारं उघडी आहेत. सदका-ए-जारिया म्हणजे माणूस गेल्यावरही ज्याचं पुण्य चालू राहतं असं दान. यात विहीर, झाड, मदरसा आपल्याला चटकन आठवतात. लोकांच्या कामी येणारं इल्मही त्यातच येतं.

ही गोष्ट आपल्या इतिहासात नवी नाही. १२८४-८५ मध्ये सुलतान कलावून याने कैरोत मन्सूरी दवाखाना बांधला, तो वक्फच्या उत्पन्नावर चालायचा. रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येतं हे लिहून ठेवणारे हकीम इब्न अल-नफीस त्याच शहरात होते. जाताना आपलं घर आणि किताबांचा साठा त्यांनी याच दवाखान्याला देऊन टाकला. उपचार, शिक्षण आणि संशोधन एका छताखाली आणि खर्च वक्फचा, अशी ती व्यवस्था होती.

शास्त्रज्ञ घडतो कसा आणि अडतो कुठे

पैसा लॅबला लागतो तसा माणसालाही लागतो. पीएचडी करणाऱ्या मुलाला पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढावी लागतात. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण ती सगळ्यांना मिळत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. बार्टी आणि सारथीसारख्या फेलोशिप तिथून नियमित मिळाव्यात, ही मागणी समाजाने लावून धरली पाहिजे.

आणि मुलांना एक नाव सांगा, अजीज सांजार. १९४६ मध्ये तुर्कस्तानातल्या सावूर या छोट्या गावात जन्म, आठ भावंडं, आई-वडील निरक्षर. डॉक्टर झाले, गावाकडे दवाखाना केला, मग संशोधनात गेले. पेशी आपला बिघडलेला डीएनए कसा दुरुस्त करते हे शोधल्याबद्दल त्यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅन्सर होतो कसा आणि केमोचं औषध काम कसं करतं, हे समजून घ्यायला हे काम फार उपयोगी पडतं. आपल्याकडे बारावी सायन्सनंतर नीट नाही लागली की मुलाचं सगळं संपलं असं घरचे धरून चालतात. बीएस्सी, एमएस्सी, बायोटेक, मग संशोधन, हाही रस्ता आहे. खामगाव, चिखली, मेहकरच्या कॉलेजांतली मुलं त्यावर जाऊ शकतात. त्यांना पहिली दोन वर्षं धीर देणारं कुणी तरी पाहिजे.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, रुग्णांची मदत कमी करू नका. ती आधी. त्याशिवाय जे लिल्लाह देता त्यातला छोटा हिस्सा दरवर्षी संशोधनासाठी बाजूला काढा.

दुसरी, पैसे थेट संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवरून किंवा तिच्या कार्यालयात द्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर डोळे झाकून देऊ नका. 'संशोधनासाठी' असं लिहून द्या आणि पावती मागा. ८०जी ची सवलत लागू आहे का ते विचारा. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवर रोख दिलं तर मिळत नाही.

तिसरी, जमात किंवा बैतुलमालने दरवर्षी विज्ञान शिकणाऱ्या एका तरी गरजू मुलाची किंवा मुलीची फी उचलावी. मूल जकातीचं हकदार असेल तर रक्कम त्याच्या हातात देता येते, मग तमलीकचा प्रश्नही सुटतो.

चौथी गोष्ट पैशाशिवायची. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर अभ्यासात सहभागी व्हाल का विचारतात, तेव्हा 'आमच्यावर प्रयोग करतात' म्हणून लगेच उठून जाऊ नका आणि न वाचता सहीही करू नका. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागा. नैतिक समितीची मंजुरी आहे का, अभ्यासाची सरकारी नोंदणी झाली आहे का, हे विचारा. त्रास झाला तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. मधेच बाहेर पडायचा हक्कही आहे आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. आपल्या भागातले रुग्ण अभ्यासात आलेच नाहीत, तर निघणारी उत्तरंही दुसऱ्यांच्या शरीराची, दुसऱ्यांच्या सवयींची असतील.

भारत आपल्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम सगळ्या प्रकारच्या संशोधनावर खर्च करतो. हा आकडा वाढावा म्हणून निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना आपण रस्ता, नाली, शादीखाना यांच्यासोबत हेही विचारू शकतो. जिल्ह्यात कॅन्सरची तपासणी कुठे होते? आमच्या रुग्णांची नोंद कुणाकडे आहे? आमची मुलं फेलोशिपमध्ये किती आहेत? हे तीन सवाल विचारायला पैसा लागत नाही.