प्रस्तावना लिहिता लिहिता

१७७७ साली लंडनचे तीन पुस्तकविक्रेते लेखक सॅम्युएल जॉन्सन यांच्याकडे आले. एडिंबरोत इंग्रज कवींची एक मालिका छापली जात होती आणि या विक्रेत्यांना तिला टक्कर द्यायची होती. प्रत्येक कवीला छोटीशी प्रस्तावना हवी होती. जॉन्सननी मागितल्या फक्त २०० गिनी!

१७७९ ते १७८१ या काळात ५२ कवींवरचे लेखन छापून झाले. काही प्रस्तावना चांगल्या पुस्तकाएवढ्या वाढल्या.

कवींची निवड मुख्यतः विक्रेत्यांची. यादीत एकही स्त्री नाही, ही मोठीच उणीव.

पण जॉन्सनची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. आधी आयुष्य, मग स्वभाव, मग कवितेची चिकित्सा. कवी मिल्टनचे राजकारण या राजनिष्ठ लेखकाला मुळीच मानवत नव्हते. ‘लिसिडस’ त्यांना कृत्रिम वाटली आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. तरीही ‘पॅरडाइज लॉस्ट’ला त्यांनी महाकाव्यांच्या पहिल्या रांगेत बसवले. माणूस नावडता, म्हणून काव्य हलके, असा हिशेब त्यांनी केला नाही. कवी ग्रेच्या ‘ओड्स’ त्यांनी झोडपल्या, त्याच्या ‘एलेजी’ला मात्र मनापासून दाद दिली.

ही चरित्रे वाचायची तर सुरुवात कवी रिचर्ड सॅव्हेजपासून करावी. हे चरित्र १७४४ चे, नंतर मालिकेत आले. सॅव्हेज जॉन्सनचा मित्र. खुनाच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा, मग माफी, शेवटी कर्जापायी ब्रिस्टलच्या तुरुंगात मृत्यू. मित्राचे दोष न लपवता इतक्या मायेने लिहिलेले चरित्र विरळाच.