'यूज्ड टू'चा घोटाळा

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त परदेशी निघाला होता. तेथील धर्मगुरूंना द्यावयाचे पत्र त्याने स्वतःच इंग्रजीत लिहून आम्हांस दाखविले. त्यात एक वाक्य होते : 'आय यूज्ड टू अटेंड मास एव्हरी संडे.' आपण दर रविवारी मिस्सेला जात असतो, असे त्यास म्हणावयाचे होते. परंतु वाचणाऱ्यास कळणार ते असे की, हा पूर्वी जात असे, आता जात नाही! भर पावसातही मिस्सा न चुकविणाऱ्या मुलाने स्वतःवरच असे कुभांड रचावे, याचे आम्हांस हसू आले आणि वाईटही वाटले.

ही चूक आपल्याकडे घरोघर आढळते. 'जात असे' आणि 'जात असतो' यांतील भेद मराठीत आपण सहज पाळतो. 'आजी जपमाळ म्हणे' हा आपला रीतिभूतकाळ. सेमिनरीत लॅटिन शिकताना तेथील अपूर्ण भूतकाळही हेच काम करताना आम्हांस आढळला. 'यूज्ड टू' या पंक्तीतला. जुन्या इंग्रजीत त्याचे वर्तमानकाळी रूपही चाले. ते पुढे लोपले. म्हणून आजची सवय सांगताना साधे 'आय अटेंड' पुरते.

'वुड'नेही गतकाळची रीत सांगता येते, पण ती वारंवार घडणाऱ्या क्रियेचीच, आणि काळ कोणता ते आधी सांगून : 'व्हेन वी वेअर चिल्ड्रन, ग्रँडमदर वुड टेल अस स्टोरीज.' चर्चमागे पूर्वी विहीर होती, ही स्थिती झाली. तेथे 'देअर यूज्ड टू बी अ वेल' असेच म्हणावे, 'वुड' चालत नाही. किती वेळा ते मोजून सांगावयाचे असेल, तर दोन्ही सोडून साधा भूतकाळ घ्यावा : 'वी वेंट टू गोवा थ्री टाइम्स.' 'आय अ‍ॅम यूज्ड टू रायझिंग अर्ली' हे मात्र निराळेच प्रकरण. त्यात पहाटे उठण्याची सवय आजची आहे.

तरुणाने वाक्य दुरुस्त केले. पुढील ओळीत होते : 'माय मदर यूज्ड टू प्रे फॉर मी एव्हरी नाइट.' तेही खोडावयास त्याने लेखणी उचलली, तोच आम्ही त्याचा हात धरला. त्या माउलीचा दफनविधी आम्हीच केला होता.